उद्देश कुणाचा?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा काही गावांत गटांच्या वार्षिक सभा आटोपल्या असतील, काही गावांत तोंडावर आल्या असतील. सभेत हिशेब वाचला जातो, नवी अध्यक्ष आणि सचिव निवडली जाते, पाहुण्यांना श्रीफळ दिले जाते आणि कुणीतरी ‘आपले उद्दिष्ट’ या विषयावर दहा मिनिटे बोलते. आपण टाळ्या वाजवतो आणि चहाला उठतो. या खेपेला मला त्या उद्दिष्टाबद्दलच लिहायचे आहे, कारण काही वर्षांपूर्वी त्या एका शब्दावर माझी चांगलीच फजिती झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे खोटे होईल.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या शिवेवर, काही पारोळ्याकडच्या आणि काही धुळे तालुक्यातल्या गावांमधले ११ बचत गट आम्ही एकत्र आणले होते. त्यांचा एक संघ करायचा होता. नोंदणीच्या अर्जाला संघाचे उद्देश जोडावे लागतात. मी समाजकार्यात एम. ए. केलेले, असले कागद लिहायची सवय झालेली. रात्री बसून लिहून काढले : ‘ग्रामीण महिलांचे सामाजिक, आर्थिक व राजकीय सक्षमीकरण करून समतेवर आधारित समाजाची निर्मिती करणे.’ दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात वाचून दाखवले. कुणी हरकत घेतली नाही. ठराव मांडणार, तोच आम्ही सगळ्या जिला जिजी म्हणतो ती साठीची बाई कोपऱ्यातून म्हणाली, ‘‘ताई, लिखेल चांगलं शे. पन हाई तुमनं शे, आमनं नही.’’

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण एस.टी.त बसल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. जिजी दिवसभर कापूस वेचून सभेला आली होती. माझ्या कागदातला एकही शब्द तिने चुकीचा म्हटला नव्हता. तो तिचा नाही, एवढेच तिने सांगितले होते. मी नेतृत्वविकासाची प्रशिक्षणे घेत होते, ‘समान ध्येय’ या विषयावर फळ्यावर वर्तुळे काढत होते, आणि ज्यांचे ध्येय समान असायला हवे त्यांना एकदाही विचारले नव्हते!

आपल्या खानदेशात याची उत्तरे आधीच शोधली गेली आहेत. आपणच ती विसरलो. म्हणून थोडे मागे जाते.

शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या भिल्ल शेतमजुरांनी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढा उभारला. ज्यांच्या बापजाद्यांच्या जमिनी होत्या तेच त्या जमिनींवर सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाने आपल्या माणसांना उभे केले. १९७२ मध्ये भूमुक्तीचा मेळावा झाला, शहरांतून आलेले काही तरुण कार्यकर्ते सामील झाले आणि श्रमिक संघटना उभी राहिली. त्यानंतरच्या दुष्काळात कामाच्या मागणीसाठी जे मोर्चे निघाले त्यांत बाया पुढे होत्या. घोषणा देण्यात आणि वाटाघाटीत मागे न हटण्यात त्या पुरुषांपेक्षा खंबीर होत्या, असे त्या काळावर लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे.

तेव्हा संघटनेचा उद्देश ठरलेला होता : जमीन, मजुरी आणि काम. त्यात दारू नव्हती, नवऱ्याची मारहाणही नव्हती. मग बायांची वेगळी शिबिरे झाली. शिबिरात बायांना विचारले गेले आणि त्यांनी सांगितले, की मजुरी वाढली तरी ती घरी येत नाही, गुत्त्यावर जाते, आणि तिथून येते ती मारहाण. हे ऐकून बाया ठराव करत बसल्या नाहीत. त्या उठल्या, गावांतल्या गुत्त्यांवर गेल्या आणि दारूची मडकी फोडली. एका गावाचे दुसऱ्या गावाने पाहिले. पुढे एखाद्या बाईला नवऱ्याने मारल्याचे कळले की बाकीच्या जमायच्या आणि त्याला चारचौघांत माफी मागायला लावायच्या.

आज आपण याकडे स्त्रीमुक्ती चळवळीचा इतिहास म्हणून पाहतो. मला त्यात नेतृत्वाचा धडाही दिसतो. संघटनेला बायांची गरज होती ती मोर्चासाठी. बाया आल्या, आणि येताना स्वतःचा प्रश्न घेऊन आल्या. पुढाऱ्यांनी तेव्हा ‘हा आपला मुद्दा नाही, आधी जमिनीचे बघू’ असे म्हटले असते तर बाया मोर्चाला आल्याही असत्या, पण पाहुण्यासारख्या. त्यांचा प्रश्न संघटनेचा झाला तेव्हाच संघटना त्यांची झाली. अंबरसिंग १९७४ मध्ये अकाली गेले, तरी बाया घरी परतल्या नाहीत. प्रश्न त्यांच्या मालकीचा होता, म्हणून तो एका माणसाबरोबर गेला नाही.

दुसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातले. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले. शेतकरी महिला आघाडीचा जोर तेव्हापासून वाढला आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली. मागणी साधी होती : शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करावा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने हे मनावर घेतले. तिथे सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून आली आणि घराघरांतून जमीन बायकांच्या नावे लागली. शेतकरी संघटनेच्या अर्थकारणाशी आपल्यापैकी अनेकींचे मतभेद आहेत आणि ते राहोत. पण विटनेरचा उद्देश कुणालाही एका दमात सांगता येत होता, आणि तो पुरा झाला की नाही हे सातबारा उघडून पाहता येत होते. ‘सक्षमीकरण’ झाले की नाही हे कोणत्या उताऱ्यावर पाहायचे?

तिसरी आठवण जड आहे. १९९४ मध्ये जळगावात मुलींच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीला आले. मी तेव्हा लहान होते; जे कळले ते ज्येष्ठ मैत्रिणींकडून. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले. महिला संघटनांनी मुलींसाठी जिवाचे रान केले. पण त्या गर्दीत सगळ्यांचा हेतू एक नव्हता. कुणाला विरोधी पक्षाला अडचणीत आणायचे होते, तर कुणाला शहराची बदनामी थांबवायची होती. पुढे न्यायालयात अनेक आरोपी सुटले. एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला सांगितले, ‘‘मोर्चाला माणसे मोजता येत नव्हती. पण साक्ष द्यायच्या दिवशी मुलीबरोबर कोण जाणार, हे विचारले की मोजायला एक हात पुरायचा.’’ गर्दी एका दिवसात जमते. हेतू एक व्हायला फार वेळ लागतो, आणि तो एक आहे की नाही हे मोर्चा संपल्यावरच कळते.

आता आजचे बघू. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. त्यानंतर आपल्या गावांत गट झाले नाहीत असे घर शोधावे लागेल. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यावर येऊ लागले. यांतले काहीच फुकट मिळालेले नाही आणि मी काहीच कमी लेखत नाही. पण या प्रत्येक गोष्टीने बायांना एकत्र बसवले ते कुणाच्या तरी कामासाठी. बँकेला परतफेड हवी, प्रकल्पाला गटांची संख्या हवी, उमेदवाराला मते हवीत आणि मंत्र्याच्या मेळाव्याला बस भरून बाया हव्यात. आपण एकत्र बसायला शिकलो. आपण कशासाठी बसलो आहोत, हा प्रश्न मात्र दुसऱ्यानेच सोडवून दिला. मग सरपंच झालेल्या बाईच्या खुर्चीवर नवरा बसला की आपण त्याला हसतो. पण तिला निवडून देताना तिच्याकडून आपल्याला काय हवे होते, हे आपल्यापैकी किती जणींनी तिला सांगितले होते?

जिजीच्या त्या वाक्यानंतर मी उद्देशाचा कागद घडी घालून ठेवला. पुढच्या महिन्यात गटागटांत जाऊन एकच प्रश्न विचारला : ‘‘गेल्या वर्षात असा कोणता दिवस होता, की तुम्हाला वाटले, आज आपल्या चार बाया जवळ असत्या तर बरे झाले असते?’’

पहिल्यांदा कुणी बोलेना. मग एकीने सुरुवात केली आणि मला वहीत लिहून घेणे अवघड झाले. कर्जाच्या हप्त्यासाठी वसुलीवाला दारात बसून राहिला तो दिवस. वेचणीच्या कापसाचे वजन मुकादमाने कमी धरले तो दिवस. मुलीच्या सासरहून रात्री फोन आला तो दिवस. पण अकरापैकी आठ गटांत एक गोष्ट फिरून फिरून आली : घराबाहेर काढले तो दिवस. कुणाला नवऱ्याने रात्री दार लावून अंगणात ठेवले होते. कुणाला नवरा वारल्यावर दिराने ‘आता माहेरी जा’ म्हणून सांगितले होते. एक बाई म्हणाली, ‘‘ताई, माहेर म्हणतं तुझं घर ते. सासर म्हणतं हे तुझं घर नाही. मग माझं घर कुठलं?’’

मी जे अपेक्षिले होते त्यातले काहीच पहिल्या जागेवर नव्हते. पिठाची गिरणी नाही, शेवया-पापडाचा उद्योग नाही. संघाच्या सभेत हे सगळे वाचून दाखवले तेव्हा आमच्या अध्यक्षताई उभ्या राहिल्या आणि त्यांनीच वाक्य सांगितले : ‘‘आमच्यातल्या एकाही बाईला कुणी घराबाहेर काढू शकणार नाही.’’ या वेळी मी काही लिहिले नाही. जिजीने दोनदा म्हणून पाहिले आणि मान हलवली. वाक्य पाठ करावे लागले नाही. आठवडी बाजारात भेटलेल्या बायासुद्धा ते सांगू लागल्या.

वाक्य सोपे होते. पण ते निभावण्याची वेळ आली ती नेमकी त्यांच्यावरच, आणि माझ्यावर.

आषाढातली गोष्ट. आमच्या एका गटातली तरुण बाई, नवरा जाऊन दीड वर्ष झालेले, पदरी दोन मुले. एका संध्याकाळी सासरच्यांनी तिची पेटी आणि भांडी ओट्यावर आणून ठेवली आणि दाराला कुलूप घातले. मला फोन आला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रकल्पाची पाहणी होती, अहवाल अर्धा राहिला होता. मी म्हणाले, ‘‘आजची रात्र कुणाकडे तरी झोपू दे तिला. मी उद्या संध्याकाळी येते.’’ हे लिहितानाही मला लाज वाटते. आमचे वाक्य काय होते आणि मी काय म्हणत होते!

बाया माझ्यासाठी थांबल्या नाहीत. चौदा जणी जाऊन त्या ओट्यावर बसल्या. ती बाई फक्त एवढेच विचारत होती, ‘‘औंदा कानबाईले मी कोठे जाऊ?’’ खानदेशाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, श्रावणात कानबाई बसते आणि तिचे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात. रोटाला बोलावणे नाही, म्हणजे तू या घराची नाहीस.

कुलूप घालणारा दीर आमच्या अध्यक्षताईंच्या नवऱ्याचा चुलत भाऊ होता. भाऊकी एक, गल्ली एक. ताई नऊ वाजेपर्यंत आल्या नाहीत. बायांनी त्यांना बोलवायला कुणाला पाठवले नाही. दहाच्या सुमारास त्या आल्या आणि पायरीवर बसल्या. पुढे मी त्यांना विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘‘अध्यक्ष म्हणून आले नाही मी. अध्यक्षपद सोडून घरी बसायचे, असेच ठरवले होते. पण वाक्य मीच बोलले होते ना. दुसऱ्या कुणाचे असते तर गेले नसते.’’ पहाटेच्या आत दार उघडले.

पुढचे काम कागदाचे होते आणि तिथे माझा उपयोग झाला. घरगुती हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा सांगतो, की बाईला ती राहत असलेल्या सामाईक घरातून कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे लावावीत असा निर्णय शासनाने २००३ मध्येच काढला आहे. नवरा असतानाच तिचे नाव नमुना ८ वर लागले असते तर ही वेळ कदाचित आली नसती. ते आता वारस म्हणून लावून घ्यायला चार महिने आणि कितीतरी खेटे लागले. त्यानंतर संघातल्या ज्या घरांत नवरा हयात आहे आणि भांडण नाही, तिथेही बाया अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत जाऊ लागल्या. हे मी सुचवले नव्हते.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. तिच्या वाट्याच्या शेताचा वाद सुटलेला नाही. ‘आम्ही बचतीसाठी आलो होतो, भांडणासाठी नाही’ असे म्हणून दोन गट संघातून बाहेर पडले. मला त्यांचा राग येत नाही. निदान त्यांनी आपला उद्देश प्रामाणिकपणे सांगितला. त्या श्रावणात भाऊकीने अध्यक्षताईंना कानबाईच्या रोटाला बोलावले नाही. मग त्या दोघींनी मिळून त्याच घरात रोट केले.

आणि आमचे वाक्यही अजून पुरे झालेले नाही. मागच्या सभेत वस्तीवरच्या भिल्ल गटातली एक बाई उठली आणि म्हणाली, ‘‘तुमची घरं नमुना आठवर आहेत म्हणून तुम्ही नाव लावता. आमच्या झोपड्या गायरानावर. आम्हाला नवरा नाही, सरकार बाहेर काढील. ‘आमच्यातली’ म्हणता त्यात आम्ही येतो का?’’ सभेत शांतता पसरली. ज्यांच्या शेताला गायरान लागून आहे अशाही बाया त्या सभेत होत्या. उत्तर अजून ठरलेले नाही. पण प्रश्न विचारायची जागा तिला आपल्याच संघात मिळाली, आणि आम्ही ठरवले आहे की तो पुढच्या सभेत पहिलाच विषय असेल. शहाद्याच्या बायांनी जे त्यांच्या संघटनेपुढे ठेवले, तेच ही बाई आमच्यापुढे ठेवते आहे. आता पाहुण्यासारखे कुणी राहायचे नाही, हे आम्हाला पाळता येते का ते दिसेल.

यातून माझ्यापुरते तीन प्रश्न मी घेतले आहेत. कोणत्याही गटाचा, संघाचा, मंडळाचा उद्देश समोर आला की मी ते विचारते. पहिला, हे वाक्य कुणाच्या तोंडून आले? ते फक्त कार्यकर्तीच्या वहीतून आले असेल तर अजून काम सुरूच झालेले नाही. दुसरा, ते पाळले की मोडले, हे गावातल्या कुणालाही ओळखता येईल का? आणि तिसरा, सगळ्यात अवघड : ते पुढारी बाईलाही बांधते का? तिच्या भाऊकीविरुद्ध, तिच्या पक्षाविरुद्ध, माझ्यासारखीच्या बाबतीत तिच्या अहवालाविरुद्ध ते जाऊ शकते का? जात नसेल तर तो उद्देश तिच्या सोयीचा आहे, सगळ्यांचा नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हिशेबाआधी अर्धा तास काढा. उद्देशपत्रिका बाजूला ठेवा आणि तो दिवस विचारा, ज्या दिवशी चार बाया जवळ हव्या होत्या. जे निघेल ते आम्हाला लिहून कळवा, तुमच्या बोलीत, जसे निघेल तसे. तुमचे वाक्य आमच्यापेक्षा वेगळे असेल तर तेही पुढच्या अंकात छापू. आणि बैठकीतून कुणी जिजी म्हणाली, की हे तुमचे आहे, आमचे नाही, तर तिला गप्प करू नका. आमचा संघ तिथूनच सुरू झाला.